खोकं बदला, प्रश्न विचारू नका

२०२५ च्या नोव्हेंबरात दिल्लीकडे येणाऱ्या विमानांना खोटे जीपीएस संकेत मिळाल्याचं प्रकरण गाजलं. १ डिसेंबरला सरकारने संसदेत ते मान्य केलं आणि त्या उत्तरात मुंबईचंही नाव निघालं. त्याच महिन्याच्या २५ तारखेला आपल्या नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली. दोन बातम्या पाठोपाठ आल्या म्हणून असेल, पण आमच्या ऐरोलीच्या कट्ट्यावर, जिथे एरवी पाणीकपात आणि सोसायटीचा मेंटेनन्स यापलीकडे विषय सरकत नाही, तिथे विमानातल्या जीपीएसवर वाद पेटला. मी वीसेक वर्षं बिझनेस जेटच्या एव्हिऑनिक्सचं, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम केलेलं, म्हणून कोणीतरी विचारलं, ‘काका, जुन्या खासगी जेटचे जीपीएस रिसीव्हर मिळत नाहीत, विमानं आठवडेच्या आठवडे हँगरात पडून राहतात म्हणे. खरंय का?’ खरं आहे, मी म्हणालो. लगेच दोन आवाज उठले. एक म्हणाला, ‘श्रीमंतांची खेळणी ती. राहू देत पडून.’ दुसरा म्हणाला, ‘जीपीएससारखी आपली स्वतःची उपग्रह यंत्रणा, नाविक, आहे ना? स्वदेशी रिसीव्हर बसवा, विषय संपला.’ या विषयावर जिथे जिथे बोलणं ऐकतो, तिथे गाडी याच दोन रुळांवरून जाते.

मला दोघांचंही पटत नाही. दोघं चुकतात ते एकाच जागी. प्रश्न एका वस्तूचा आहे असं दोघंही धरून चालतात. पहिल्याला ती वस्तू चैनीची वाटते, दुसऱ्याला ती इथे बनवली की काम झालं असं वाटतं. माझं म्हणणं वेगळं आहे. या रिसीव्हरांचा तुटवडा मुख्यतः दुरुस्तीच्या माहितीचा आणि अधिकाराचा तुटवडा आहे. निर्माता एखाद्या उपकरणाकडे पाठ फिरवतो तेव्हा त्याची दुरुस्ती-पुस्तिका आणि चाचणीची पद्धतही कपाटात कुलूपबंद करतो. हे कुलूप कायद्याने उघडायला लावणं हा सार्वजनिक हिताचा प्रश्न आहे, विमान अंबानींचं असो नाहीतर अँब्युलन्स म्हणून उडणारं. आणि हे काम करायला देशात योग्य जागा शोधायची झाली तर ती ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. बिझनेस जेटमधला उपग्रह रिसीव्हर म्हणजे मोबाइलमधली नखाएवढी चिप नव्हे. ॲल्युमिनियमचा बंद डबा, मागे जाड कनेक्टर, विमानाच्या पाठीवर अँटेना आणि त्या दोघांना जोडणारी केबल. हँगरात आम्ही अशा प्रत्येक उपकरणाला ‘खोकं’ म्हणतो. (राजकारणातल्या खोक्यांशी याचा संबंध नाही, बिल बघून शंका येते ती गोष्ट वेगळी.) हे खोकं १५७५.४२ मेगाहर्ट्झवर उपग्रहांचा अत्यंत क्षीण आवाज ऐकतं आणि विमानाची जागा काढतं. ती जागा मग मार्ग आखणाऱ्या संगणकाला जाते, डोंगर जवळ आल्याचा इशारा देणाऱ्या यंत्रणेला जाते, नियंत्रकाला आपली जागा कळवणाऱ्या ट्रान्सपॉन्डरला जाते. खोकं बिघडलं की फक्त नकाशा जात नाही, या तिन्ही यंत्रणा आंधळ्या होतात. मोठ्या विमानांत जडत्वावर चालणारी स्वतंत्र यंत्रणा असते, ती काही काळ निभावून नेते. छोट्या जेटांत पुष्कळदा तीही नसते.

आता तुटवडा कसा पडतो? विमान ३० वर्षं उडतं. त्यातल्या खोक्यातली चिप बनवणारा कारखाना त्या चिपमध्ये जेमतेम काही वर्षं रस ठेवतो, कारण त्याचं खरं गिऱ्हाईक मोबाइल आणि मोटारी. चिप बंद होण्याआधी रिसीव्हरवाला शेवटची मोठी खरेदी करून ठेवतो. तो साठा संपला की नवीन खोकी बंद होतात, मग दुरुस्ती बंद होते आणि शेवटी उरते ती ‘एक्स्चेंज’ नावाची पद्धत. तुमचं बिघडलेलं खोकं द्या, कोणाचं तरी दुरुस्त झालेलं घ्या, वर पैसे भरा. जगात फिरणाऱ्या खोक्यांची संख्या दरवर्षी घटत जाते आणि भाव वर जातो. विमानाचा निर्माताच मैदान सोडतो तेव्हा तर विचारायलाच नको. लिअरजेट हे नाव अर्ध्याहून अधिक शतक खासगी जेटला समानार्थी होतं. शेवटचं लिअरजेट मार्च २०२२ मध्ये कारखान्याबाहेर गेलं. हॉकर जेट बनवणाऱ्या कंपनीने २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि जेटचा धंदाच आवरला. विमानं मात्र उडताहेत.

यात अपघाताने भर पडते ती वेगळी. २० ऑक्टोबर २०२० ला जपानमध्ये नोबेओका इथल्या एका सेमीकंडक्टर कारखान्याला आग लागली. तिथे तापमान बदललं तरी ठेका न चुकवणाऱ्या छोट्या ऑसिलेटरांसाठी लागणाऱ्या चिप बनत. जीपीएस रिसीव्हरचं काळीज म्हणजे हा ऑसिलेटर. एका इमारतीला आग लागली आणि जगभरचे रिसीव्हरवाले महिनोन्महिने त्या चिपेसाठी हात पसरत फिरले. त्यात विमानवाल्यांची ऑर्डर केवढी? शंभर-दोनशे नग. मोबाइलवाल्याची काही लाख. रांगेत कोणाला पुढे घेतलं असेल हे सांगायला नको.

माझ्याच हातून गेलेलं एक खोकं या सगळ्याचा सारांश आहे. २०२१ च्या पावसाळ्यात, उत्पादन बंद झालेल्या एका मध्यम जेटच्या दोन रिसीव्हरांपैकी एकाने उपग्रह पकडणं सोडून दिलं. एक बंद असताना ठरावीक दिवस उडायची मुभा असते. ते दिवस संपले, विमान जमिनीवर आलं. खोकं परदेशातल्या दुरुस्ती केंद्राकडे गेलं. सात आठवड्यांनी परत आलं, सोबत एका ओळीचं पत्र: दुरुस्ती परवडण्यापलीकडे. का, कशामुळे, काय तपासलं, काही नाही. पर्यायी खोकं शेवटी मिळालं ते मोडीत निघालेल्या एका विमानातलं. रद्द झालेलं खोकं मी कुतूहलापोटी रबाळे एमआयडीसीतल्या एका ओळखीच्याकडे नेलं. हा माणूस सीएनसी मशिनची आणि लिफ्टची बंद पडलेली कार्डं जिवंत करतो. ज्या चिपा कंपन्या विसरल्या त्या याला लॅमिंग्टन रोडच्या कोणत्या माळ्यावर मिळतील ते पाठ आहे. त्याने दोन संध्याकाळी घालवल्या. मेमरी ठीक, पॉवर सप्लाय ठीक. ऑसिलेटर ठेक्यावरून घसरलेला. काही शे रुपयांचा भाग. ‘बदलू का, साहेब?’ त्याने विचारलं. मी नको म्हणालो. त्याने बदललं असतं आणि खोकं नव्यासारखं चाललं असतं, तरी मी ते विमानात बसवलं नसतं.

इथूनच विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा सुरू होतो, आणि तो मी आधी मान्य करतो. विमान हे लिफ्ट नाही. भाग चालतो एवढं पुरत नाही. तो उणे तापमानात, थरथराटात, विजेच्या जवळपास, दहा हजार तास चालेल हे कोणीतरी सही करून सांगावं लागतं. म्हणून प्रत्येक भागामागे प्रमाणपत्र असतं आणि त्या सहीवर परवाना पणाला लागलेला असतो. ही साखळी ढिली केली तर काय होतं, याचे दाखले हवे तेवढे आहेत. २०२३ मध्ये लंडनमधल्या एओजी टेक्निक्स नावाच्या दलाल कंपनीने खोट्या प्रमाणपत्रांसह इंजिनांचे भाग विकल्याचं उघड झालं आणि जगभरच्या विमान कंपन्यांना सीएफएम५६ इंजिनं उघडून भाग शोधावे लागले. त्याआधी २०१२ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीने लष्करी उपकरणांत शिरलेल्या बनावट इलेक्ट्रॉनिक भागांची साधारण १,८०० प्रकरणं मोजली होती, संशयास्पद भाग दहा लाखांच्या वर. मग दुरुस्ती सगळ्यांना मोकळी करा म्हणणं हा बेजबाबदारपणा नाही का?

असता, जर बनावट माल दुरुस्तीतून आला असता. पण या दोन्ही प्रकरणांत खोटेपणा कुठून शिरला ते पाहा. अधिकृत वाटेने माल मिळेनासा झाला, विमान उभं करून ठेवणं परवडेना, आणि त्या फटीत दलाल घुसला. सिनेटच्या अहवालातले कितीतरी भाग उत्पादनातून गेलेल्या चिपांच्या जागी आले होते. जुन्या कार्डांवरून उपटलेल्या, खरवडून नवं नाव छापलेल्या. म्हणजे तुटवडा हाच बनावट मालाचा कारखाना. रबाळ्याच्या माझ्या मित्राला निर्मात्याची पुस्तिका दिली, चाचणीचा बेंच दिला, डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची, दुरुस्ती-परवानगी आणि तपासणी लावली, सहीची जबाबदारी दिली, तर तो साखळीतला एक दुवा होईल. यातलं काहीच दिलं नाही तर त्याचं कौशल्य एकतर वाया जाईल किंवा, देव न करो, कोणा दलालाच्या कामी येईल. सुरक्षिततेच्या नावाने आपण आज दुसरा पर्याय निवडलेला आहे. आणि निर्मात्याला सुरक्षिततेची एवढी काळजी असेल, तर ज्या खोक्यातून त्याने स्वतः अंग काढून घेतलं त्याची पुस्तिका दाबून ठेवल्याने सुरक्षितता वाढते कशी?

‘श्रीमंतांची खेळणी’ या मुद्द्यातही तथ्य आहे, नाही असं नाही. एका माणसासाठी जेवढं इंधन ही विमानं जाळतात, त्याचं समर्थन मी करणार नाही. मालकांना दोन महिने एअर इंडियाने जावं लागलं तर महाराष्ट्र रडणार नाही. पण या जातीची विमानं नुसती मालकांना नेत नाहीत. एअर अँब्युलन्स याच जातीतल्या असतात आणि बहुतेकदा त्यातल्या म्हाताऱ्या, कारण नवं जेट रुग्णवाहिकेसाठी कोण देतो? अवयव घेऊन निघालेला डॉक्टर वेळापत्रकाच्या विमानाची वाट पाहू शकत नाही. शिवाय ही विमानं जातात त्या धावपट्ट्यांवर आयएलएस, म्हणजे ढगातही उतरण्याची वाट दाखवणारी जमिनीवरची रेडिओ यंत्रणा, असेलच असं नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात शिर्डीची विमानं दृश्यमानता कमी म्हणून दिवसेंदिवस रद्द झाली, आठवतं? जिथे जमिनीवरची यंत्रणा तोकडी, तिथे उपग्रहाचा आधार जास्त लागतो. आणि एक साधी गोष्ट: खारघरच्या टेकड्यांवरून ढगात खाली येणारं विमान कोणाच्या मालकीचं आहे, हे टेकडीला ठाऊक नसतं. खालच्या घरांनाही नसतं.

श्रीमंतीच्या मुद्द्याला आणखी एक उत्तर आहे आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. इथे पैसा अडलेला नाही. मालक पैसे हातात घेऊन उभा आहे, विकणारा नाही. ज्याच्याकडे कोटींनी पैसा आहे त्याची ही गत, तर तालुक्याच्या इस्पितळातल्या जुन्या सीटी स्कॅनची, कळवा कारशेडमधल्या एखाद्या परदेशी कार्डाची, पाणीपुरवठ्याच्या पंपावरच्या कंट्रोलरची काय असेल? जुनाट इलेक्ट्रॉनिक्सचा हा रोग आधी विमानात दिसतो कारण तिथे नियम कडक आणि नग थोडे. बाकी ठिकाणी तो आहेच, फक्त त्याला कोणी नाव दिलेलं नाही.

आता नाविक. कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, अमेरिकेने जीपीएसची माहिती नाकारली आणि त्यातून नाविकची गरज पटली, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. सांगावीच. पण पूर्ण सांगावी. नाविकचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला. त्यातली तिन्ही अणुघड्याळं काही वर्षांत बंद पडली. ती स्वित्झर्लंडहून आणलेली होती. बदली म्हणून पाठवलेला उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये उष्णताकवच न उघडल्याने फुकट गेला. भारतीय अणुघड्याळ घेऊन एनव्हीएस-०१ मे २०२३ मध्ये गेला. पुढचा एनव्हीएस-०२ जानेवारी २०२५ मध्ये निघाला आणि ठरलेल्या कक्षेत पोहोचला नाही. मी इस्रोची टर उडवत नाही, तसं करणाऱ्यांशी मी भांडतो. मला एवढंच दाखवायचंय की स्वदेशी यंत्रणेतही आयात केलेल्या एका भागाने घात केला, आणि आकाशात दुरुस्तीला जाता येत नाही म्हणून नवा उपग्रह पाठवावा लागला. विमानात तर दुरुस्तीला जाता येतं! तिथेही आपण नवीनच मागतो.

शिवाय तांत्रिक अडचण आहेच. नाविकचे सुरुवातीचे उपग्रह एल५ आणि एस या रेडिओ पट्ट्यांत बोलतात. एल१ पट्टी, म्हणजे वर सांगितलेली १५७५.४२ मेगाहर्ट्झची, एनव्हीएस-०१ पासून आली. आपल्या जेटांतली जुनी खोकी फक्त एल१ ऐकतात आणि तीही जीपीएसच्या भाषेत. इतकंच काय, ७७४ कोटी खर्चून उभारलेलं आणि २०१५ मध्ये उतरण्याच्या मार्गदर्शनासाठी प्रमाणित झालेलं आपलं गगनसुद्धा, म्हणजे जीपीएसची जागा अधिक अचूक करणारी आपली उपग्रह यंत्रणा, त्यांना ऐकू येत नाही. १ जुलै २०२१ पासून भारतात नव्याने नोंदवल्या जाणाऱ्या विमानांना गगन सक्तीचं केलं. आधीची तशीच राहिली. स्वदेशी रिसीव्हर उद्या बनला, बनावाच, तरी तो प्रत्येक जुन्या मॉडेलच्या मार्ग-संगणकाशी, ट्रान्सपॉन्डरशी, इशारा-यंत्रणेशी जुळतो हे मॉडेलागणिक सिद्ध करून वेगळी मंजुरी घ्यावी लागेल. ज्या मॉडेलची विमानं देशात पाच-सात उरली आहेत, त्याच्यासाठी हा खर्च कोण करणार? कंपन्या जुन्या जेटसाठी नव्या रिसीव्हरची मंजुरी काढत नाहीत, त्याचंही कारण हेच.

तरीही ‘जुनं फेका, नवं लावा’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने एक मुद्दा आहे ज्याने मला बराच काळ गप्प केलं होतं: खोटे संकेत. सप्टेंबर २०२३ पासून इराकच्या आकाशात विमानांना बनावट जागा दाखवली जाऊ लागली. एक बिझनेस जेट परवानगीशिवाय इराणच्या हद्दीत शिरता शिरता राहिल्याचं वैमानिकांच्या संघटनेने कळवलं. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूकडे, अशा ४६५ घटना सरकारने मोजल्या. जुन्या खोक्यांना असल्या फसवणुकीची कल्पनाच नाही. ही खोकी ज्या काळात बनली त्या काळात आकाशात कोणी खोटं बोलत नव्हतं. मग त्यांना जपून ठेवणं म्हणजे चोरांच्या गावात कडी नसलेलं दार सांभाळणं नव्हे का?

बदलता येत असेल तिथे जरूर बदलावं. पण फसवणुकीच्या या साथीने जुन्या खोक्यांचं काय केलंय तेही बघा. फसवलं गेलेलं खोकं कधी कधी जमिनीवर आल्यावरही शुद्धीवर येत नाही. वीज तोडून पुन्हा जोडावी लागते. वैमानिक लॉगमध्ये ‘जीपीएस फेल’ लिहितो. लिहिल्यावर आम्हाला काहीतरी करावं लागतं. खोकं निघतं, परदेशी जातं, आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत येतं. तेवढे आठवडे जगाच्या साठ्यातलं एक चांगलं खोकं कुरिअरच्या विमानात बसून फिरत राहिलं. पावसाळ्यातही हेच. आपल्या खाऱ्या हवेत अँटेनाच्या सीलमधून पाणी शिरतं, केबलचा कनेक्टर हिरवा पडतो, दोष तिथे असतो आणि शिक्षा खोक्याला. तासाभरात ‘खोकं ठीक आहे, केबल बघ’ सांगणारा प्रमाणित चाचणी-बेंच हाताशी असता, तर तुटवड्याचा बराचसा भाग निर्माणच झाला नसता.

दुरुस्ती म्हणजे मागासलेपणाचं लक्षण, निर्मिती म्हणजे प्रगती, ही समजूत आपल्यात कुठून आली कोण जाणे. आपला इतिहास तर उलटं सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, विक्री आणि दुरुस्तीचं. लोखंडी नांगर नंतर आला, किर्लोस्करवाडी १९१० ची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू केलं. विमानं बनवायची म्हणून सुरू केलेल्या त्या कारखान्याने युद्धकाळात मुख्य काम काय केलं? अमेरिकी विमानांची दुरुस्ती. आणि युद्धानंतर जे केलं ते तर आमच्या धंद्यात दंतकथा होऊन बसलंय. दोस्तराष्ट्रांनी जाताना कानपूरला लिबरेटर बाँबफेकी विमानं मुद्दाम नासवून टाकून दिली होती, कोणाच्या कामी येऊ नयेत म्हणून. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी ती भंगारातून उचलली, उडती केली आणि बंगळूरला नेऊन नीट बांधली. १९४८ च्या अखेरीपासून हवाई दलाने ती वापरली, थेट १९६८ पर्यंत. त्याच कारखान्याचं एचटी-२ हे पहिलं स्वतःच्या आराखड्याचं विमान उडालं १९५१ मध्ये. आधी दुसऱ्याची तुटलेली विमानं आतून बघितली, मग आपलं बनवलं.

याउलटचा धडाही आहे. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि आपल्या नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं सुट्या भागांवाचून अडकली. हेलिकॉप्टर ब्रिटिश, पण आतले काही भाग अमेरिकी. तेव्हा जो बोध घ्यायचा तो आपण अर्धा घेतला: हेलिकॉप्टर स्वतःचं बनवू. बनवलं, उत्तम. पण ‘दुसऱ्याकडून घेतलेल्या यंत्राची दुरुस्ती आपल्या हातात हवी’ हा उरलेला अर्धा बोध खरेदीच्या करारांत कधी नीट उतरला नाही.

सरकार काहीच करत नाही असंही नाही. जुलै २०२४ मध्ये विमानाच्या सुट्या भागांवरचा आयजीएसटी सरसकट ५ टक्के झाला, आणि त्याच महिन्यातल्या अर्थसंकल्पाने दुरुस्तीसाठी आयात केलेली विमानं आणि जहाजं परत पाठवायची मुदत सहा महिन्यांवरून वर्षावर नेली. चांगली पावलं, पण दोन्ही मालाच्या ये-जा करण्याबद्दलची. ग्राहक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ ठरवायला समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती वस्तू, वाहनं एवढ्यावर ती थांबली. ट्रॅक्टर त्यात आहे, विमान नाही. विमानाला वेगळे नियम हवेत हे मान्य. पण वेगळे म्हणजे शून्य नव्हेत. अमेरिकेच्या नियमांतही निर्मात्यावर देखभालीच्या सूचना देण्याचं बंधन आहे, आणि तिथे निर्मात्याव्यतिरिक्त इतरांना चाचणी देऊन भाग बनवायची मंजुरी मिळते, कित्येक दशकांपासून. मला हवं ते याहून फार पुढचं नाही. भारतात नोंदवलेल्या विमानातल्या एखाद्या उपकरणाचा आधार निर्माता काढून घेणार असेल, तर त्याने दुरुस्ती-पुस्तिका, चाचणीची मोजमापं आणि सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती डीजीसीएने मान्य केलेल्या केंद्रांना रास्त मोबदल्यात द्यावी. मोबदला का? कारण ती त्याची बौद्धिक मालमत्ता आहे आणि ती फुकट मागायची मला लाज वाटते. पण विकायची नाही, वापरायची नाही, वापरूही द्यायची नाही, हा कुठला मालकी हक्क? नवा भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. १९३४ चा कायदा गेला; नियम नव्याने लिहायला याहून बरी वेळ कोणती?

आणि जागेचं म्हणाल तर, उलव्याची टेकडी कापून, नदी वळवून, दहा गावं उठवून विमानतळ उभा केला. त्याला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव लावण्यासाठी जी माणसं रस्त्यावर उतरली, त्यांच्या पोरांना त्या विमानतळावर ट्रॉल्या ढकलण्याच्या नोकऱ्या दाखवल्या जातात. विमानतळापासून दिघ्यापर्यंतच्या पट्ट्यात, महाप्यात, तुर्भ्यात, रबाळ्यात, आणि खाडीपलीकडे ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कार्ड दुरुस्त करणारे शेकडो हात आहेत. मायक्रोस्कोपखाली सोल्डर करणारी आयटीआयची पोरं आहेत. त्यांच्या आणि हँगरच्या मध्ये उभी आहे ती एक पुस्तिका आणि एक सही. यातले सगळे उद्या विमानाच्या खोक्याला हात लावू शकतील असं मी म्हणत नाही. वीसातला एखादा तयार होईल, तोही दोन वर्षांच्या प्रशिक्षणानंतर. पण एखादा पुरेसा आहे. देशातल्या सगळ्या बिझनेस जेटची जुनी खोकी तपासायला दोन बेंच आणि दहा माणसं पुष्कळ झाली.

यावर मला हमखास विचारतात, घाई काय आहे? जुनी विमानं आपोआप निवृत्त होतील, प्रश्न आपोआप संपेल. त्यांना मी तारखांची गोष्ट सांगतो. जीपीएस उपग्रह आठवडे मोजतो, पण जुन्या संकेतात त्याला १०२४ पर्यंतच मोजता येतं. मग पुन्हा शून्य. पहिली फेरी २१ ऑगस्ट १९९९ च्या मध्यरात्री संपली, दुसरी ६ एप्रिल २०१९ च्या, तिसरी २०३८ च्या नोव्हेंबरात संपेल. एवढंच असतं तर कॅलेंडरवर खूण करून ठेवता आली असती. पण प्रत्येक रिसीव्हरवाला मोजणी कुठून धरायची हे आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये ठरवतो, त्यामुळे प्रत्येक खोक्याची शून्याची रात्र निराळी. जानेवारी २०२२ मध्ये होंडाच्या जुन्या मोटारींची घड्याळं अचानक २००२ सालात गेली. अधिकृत फेरी संपून तोवर पावणेतीन वर्षं झाली होती. जून २०१९ मध्ये एका मोठ्या अमेरिकी निर्मात्याचे विमानातले रिसीव्हर वेळेच्या दुरुस्तीचा संदेश नीट न वाचल्याने एकाच दिवशी ठिकठिकाणी बंद पडले आणि छोट्या जेटांची उड्डाणं रद्द झाली. त्या वेळी निर्माता धंद्यात होता, त्याने उपाय सांगितला. आपल्या हँगरांतल्या बंद मॉडेलांच्या खोक्यांमध्ये कोणती रात्र लिहून ठेवली आहे? ते त्याच पुस्तिकेत आहे. मी तीन वर्षांपूर्वी एका खोक्यापुरतं पत्र लिहून विचारलं होतं. उत्तर आलं: हे उत्पादन आता आमच्या सेवेत नाही, कृपया नवीन मॉडेल पाहावं.